ग्लासात तरंगलेली थुंकी आणि आत्याचा हलणारा दात

गेल्या रविवारी शेळगीला आत्याकडे जेवायला गेले होते. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी म्हणजे आत्याचा जीव, पण त्या दिवशी ती भाकरी आमटीत अगदी लगदा होईस्तोवर भिजवून फक्त उजव्या बाजूने चावत होती. विचारलं तर म्हणाली डावीकडची एक दाढ हलायलीय, ब्रश केला की रक्त येतं, चालायचंच आता वयाचं. आत्या 61 वर्षांची आहे, डायबेटिस 12 वर्षांपासून आहे आणि मार्च महिन्यात डेंटिस्टने तिला स्पष्ट सांगितलं होतं की हिरड्यांची खोली मोजायचीय, एक्स-रे काढायचाय, पुढच्या आठवड्यात या. ती गेलीच नाही. का नाही गेली विचारल्यावर तिने मोबाईल काढून आमच्याच नातेवाईकांच्या ग्रुपवरचा मेसेज दाखवला आणि म्हणाली, "अगं मी केली की ती टेस्ट, माझी थुंकी वरच तरंगली. मग कशाला जायचं दातवाल्याकडं, उगं टोचून घ्यायला?"

तीन महिने गेले ह्या एका मेसेजपायी. तो मेसेज ग्रुपवर आला तेव्हा मी वाचला होता आणि सोडून दिला होता, ते आता मनाला लागलंय, म्हणून हे लिहायला बसले. मी सोलापुरात एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीच्या टेबलावर 16 वर्षं काम करते. थुंकी, बेडका, घशातला स्वॅब, जखमेतला पू, हेच माझं रोजचं काम, त्यामुळे नमुना कुठून आणि कसा घेतला यावर रिपोर्टचं काय होतं हे मी पुस्तकात वाचून नाही सांगत.

मेसेज ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सकाळी उठल्यावर मिठाच्या पाण्याने चूळ भरा, मग काचेच्या ग्लासातल्या पाण्यात थुंका. थुंकी तरंगली तर तोंडात वाईट जंतू नाहीत. तार लोंबली तर पोटात बुरशी आहे. बुडली तर पायरिया म्हणजे हिरड्यांचा आजार आहे, पाच दिवस मेट्रोनिडाझोल ही जंतू मारायची गोळी घ्या, बरं होईल. सगळ्या तोंडातले जंतू थुंकीत उतरतातच, म्हणून हिरडीत सुई घालून तपासायची गरज नाही, तो पैसे काढायचा धंदा आहे आणि त्याने दात सैल होतात. शेवटी आणखी एक, इअरबड जिभेवर फिरवून वास घ्या, लॅबमध्येही हेच करतात.

तरंगण्या-बुडण्याचं आधी संपवते कारण त्यात फार काही नाही. एक जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा असतो म्हणजे हजार जिवाणू ओळीने उभे केले तर एक मिलिमीटर होतो. ते थुंकीला बुडवत नाहीत की तरंगवत नाहीत. थुंकी तरंगते ती तिच्यातल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे, जोरात थुंकलात तर फेस होतो आणि फेस वर राहतो, हळूच सोडलीत तर बुडबुडे कमी आणि खाली जाते. आणि तारा लोंबतात त्या म्युसिनमुळे, ते लाळेतलं चिकट प्रोटीन आहे आणि ते सगळ्यांच्या लाळेत असतंच, त्याच्यामुळेच तर घास घशातून सरकतो. रात्री झोपेत लाळ जवळजवळ थांबते, सकाळी ती घट्ट असते, त्यात माणसाला डायबेटिस असेल किंवा सर्दीच्या नाहीतर बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर तोंड आणखी कोरडं आणि लाळ आणखी चिकट. बुरशीचा त्या तारेशी संबंध नाही. कॅन्डिडा ही बुरशी बऱ्याच निरोगी माणसांच्या तोंडात थोडीफार असतेच, त्रास द्यायला लागली तर जिभेवर गालावर पांढरा थर येतो, कवळीखाली लाल होतं, आणि तिथलं खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात किंवा कल्चर लावतात, म्हणजे ताटलीत वाढवून बघतात. ग्लासात बघत नाहीत. आणि ज्यांची थुंकी तरंगली त्या सगळ्यांना सांगते, एक मिली लाळेत साधारण दहा कोटी जिवाणू असतात, ती तरंगो की बुडो.

आता ज्या मुद्द्याने आत्याचे तीन महिने गेले त्याकडे येते. "सगळ्या तोंडातले जंतू थुंकीत उतरतातच." हे वाक्य ऐकायला इतकं बरोबर वाटतं की शिकलेली माणसं पण फसतात, माझ्या चुलत बहिणीचा मुलगा बी. फार्म. करतोय, त्याने त्या मेसेजला अंगठा दिला होता.

तोंड म्हणजे एक भांडं नाही. गालाची आतली बाजू वेगळी, जिभेची खरखरीत पाठ वेगळी, दाताचा बाहेरून दिसणारा भाग वेगळा आणि हिरडी व दात यांच्यामधली फट तर पूर्णच वेगळी, कारण तिथे आत हवाच पोचत नाही. पायरिया ज्यांच्यामुळे वाढतो ते पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस, ट्रेपोनेमा डेंटिकोला, टॅनरेला फॉर्सिथिया हे तिघे हवा सहन न होणारे जिवाणू, त्यांना ती खोल अंधारी फटच मानवते आणि तिथे ते दाताच्या मुळाला थर करून चिकटून बसतात. लाळ त्या फटीच्या तोंडावरून वाहत जाते. आपल्या सिद्धेश्वर तलावातून कळशीभर पाणी काढलं तर पाण्यात काय आहे ते कळेल, पण घाटाच्या पायरीच्या फटीत जे शेवाळ घट्ट धरून बसलंय ते कळशीत येत नाही, त्याला दगडापाशी जाऊन खरवडावंच लागतं. तसंच आहे हे.

आणि ही काही आजची गोष्ट नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात अँटनी व्हान लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. आपल्या सोलापूरच्या चादरवाल्यांना हे लगेच समजेल, कापडाची वीण भिंगातून बघायची त्या काळच्या कापडवाल्यांची पद्धतच होती, ह्याने तर स्वतः भिंगं घासून इतकी भारी बनवली की त्यातून जिवाणू दिसले. सप्टेंबर 1683 मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला, म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेला, पत्र लिहिलं. तो स्वतः रोज मिठाने दात घासायचा, तरी दाढांच्या फटीत पांढरं पिठासारखं काही साचलेलं त्याला दिसलं, ते काढून स्वच्छ पाण्यात कालवून भिंगाखाली धरलं तर त्यात जिवंत प्राणी पळत होते. मग त्याला एक म्हातारा भेटला ज्याने जन्मात कधी तोंड धुतलं नव्हतं, दातांवर नुसता थर. लेवेनहूकने आधी त्याची थुंकी घेतली. थुंकीत काय दिसलं? त्याच्या स्वतःच्या आणि इतर लोकांच्या थुंकीत दिसायचं तेच, वेगळं काही नाही. मग त्या म्हाताऱ्याच्या दातांमधलं किटण काढून बघितलं आणि त्यात इतके जीव इतक्या वेगाने पोहत होते की त्याने तोवर तसलं पाहिलं नव्हतं.

हे परत एकदा वाचा. माणूस एकच, तोंड एकच, बसल्या जागी घेतलेले दोन नमुने, आणि थुंकी म्हणते सगळं इतरांसारखं तर किटण म्हणतं इथे जत्रा भरलीय. सव्वातीनशे वर्षांहून जास्त झाली ह्याला. त्याचं भिंग आजच्या मायक्रोस्कोपपेक्षा कमजोर होतं, थुंकीतले बरेचसे जिवाणू त्याला दिसले नसणार हे मला मान्य आहे, पण जागा बदलली की उत्तर बदलतं हे त्याने तेव्हाच दाखवलं. नंतर 2012 मध्ये अमेरिकेतल्या ह्युमन मायक्रोबायोम प्रोजेक्टचे, म्हणजे माणसाच्या शरीरावरच्या जंतूंच्या मोठ्या अभ्यासाचे, निकाल आले, त्यात 242 निरोगी माणसांच्या तोंड आणि घशाच्या 9 वेगवेगळ्या जागांवरून नमुने घेतले होते, डीएनए वाचून. लाळेतले जिवाणू जुळले ते जीभ, टॉन्सिल आणि घसा यांच्याशी. हिरडीच्या वरचा आणि हिरडीच्या खालचा दातावरचा थर हे दोघं एकमेकांच्या जवळ निघाले पण लाळेपासून वेगळे, आणि गाल, टाळू, हिरडीचा वरचा भाग हा तिसराच गट. म्हणजे लाळ ही मुख्यतः जिभेची आणि घशाची बातमी देते. आत्याच्या हिरडीच्या आत काय चाललंय ती बातमी त्यात असलीच तर फार पातळ होऊन येते.

एक गोष्ट मान्य करते, कारण नाही केली तर कोणीतरी खाली येऊन सांगेलच. लाळ हा वाईट नमुना नाही. पायरिया खूप वाढलेला असेल तर त्या तीन जिवाणूंचा डीएनए लाळेतही सापडतो. कोविडच्या वेळी लाळेवर टेस्ट झाल्या आणि त्या चालल्या. हजारो लोकांचा अभ्यास करायचा असतो तेव्हा प्रत्येकाच्या हिरडीत कोण शिरणार, तिथे लाळ किंवा चूळ घेतात, लोक घरूनही पाठवू शकतात, दुखत नाही, स्वस्त पडतं. पण ती लाळ मशीनमध्ये जाते, डीएनए काढला जातो, ग्लासात तरंगत नाही. आणि तेव्हाही ती संपूर्ण तोंडाचा मिळून एक अंदाज देते, कुठल्या दाढेच्या कुठल्या बाजूला खड्डा पडलाय हे कधीच सांगत नाही.

मग नमुना नेमका कसा घेतात? साधं लाळेचं घ्या. पेशंटला आधी काही खाऊ-पिऊ नका, ब्रश करू नका असं सांगतात, मग मान खाली घालून लाळ आपोआप नळीत गळू देतात, खाकरून थुंकायचं नाही. जास्त लाळ हवी असेल तर पॅराफिनचं मेण चघळायला देतात, पण चघळलं की दातांवरचं पण थोडं निघून येतं म्हणून ह्या दोन लाळा एकसारख्या धरत नाहीत. मेसेजमध्ये सांगितलंय की आधी मिठाच्या पाण्याने चूळ भरा. अहो, चूळ हाच काही अभ्यासांत नमुना असतो! सलाईन तोंडात 30 सेकंद खळखळवून तेच नळीत घेतात, आणि इथे ती बेसिनमध्ये टाकून मग उरलेलं तपासायला सांगतायत.

स्वॅबचं तसंच आहे. गाल, जीभ, घसा यांच्यासाठी स्वॅब चांगला, सपाट जागेवर फिरवता येतो. पण साध्या कापसाचा बोळा जिवाणू धरून ठेवतो आणि सोडत नाही, म्हणून आता बारीक उभ्या नायलॉन तंतूंचे स्वॅब वापरतात, ते सोडतात चांगलं. टॉवेलचे फासे जसे उभे असतात तसं धरा. आणि कुठलाही स्वॅब असो, दाताला घट्ट बसलेल्या थराच्या वरवरचंच त्याला येतं. जिभेवर इअरबड फिरवून वास घेण्यात एवढंच खरं आहे की तोंडाचा वास बऱ्याचदा जिभेच्या मागच्या भागातून येतो आणि डेंटिस्टही कधी जीभ चमच्याने खरवडून वास बघतात. तो वासाचा तपास झाला, जिवाणूंचा नाही, आणि हिरड्यांचा तर अजिबात नाही. आमच्या लॅबमध्ये कोणी स्वॅबचा वास घेऊन रिपोर्ट लिहीत नाही.

हिरडीच्या आतलं हवं असेल तर मुख्य रस्ते दोन. एक पेपर पॉइंट, म्हणजे रूट कॅनलमध्ये दात कोरडा करायला वापरतात ती निमुळती कागदाची काडी, आधी वरचा थर पुसून काढायचा, लाळ लागू नये म्हणून दाताभोवती कापूस ठेवायचा, काडी फटीत तळापर्यंत सरकवून काही सेकंद ठेवायची, ती आतला द्रव आणि मोकळे फिरणारे जिवाणू शोषून घेते. दुसरा क्युरेट, बारीक चमच्यासारखं हत्यार, त्याने मुळाला चिकटलेला थर खरवडून काढायचा. ह्या दोघांचे निकालही एकसारखे येत नाहीत, कागदाला मोकळे जास्त लागतात आणि क्युरेटला चिकटलेले. त्याच फटीत, त्याच दिवशी. मग ग्लासाचं काय घेऊन बसलात?

त्यानंतर नमुना जगला पाहिजे. हे हवा न सोसणारे जिवाणू उघड्यावर मरतात, आणि दुसरे जे हवेत मजेत वाढतात ते वाटेत दुप्पट चौपट होतात. कल्चर लावायचं तर ऑक्सिजन काढलेल्या द्रवात घालून लगेच लॅबला पोचवावं लागतं, आणि जिंजिव्हॅलिसच्या काळ्या वसाहती ताटलीत दिसायला आठवडा किंवा जास्तही लागतो. मे महिन्यात सोलापुरात पारा 42 च्या वर जातो, त्यात दुपारभर स्कूटीच्या डिकीत फिरलेला नमुना माझ्या टेबलावर आला की मी तो परत पाठवते, शिव्या खाते पण पाठवते, कारण त्याच्यात जे वाढेल ते पेशंटच्या तोंडातलं चित्र नसतं.

आणि एवढं सगळं सांगूनही खरी गोष्ट ही आहे की आत्याला ह्यातली एकही जिवाणूंची टेस्ट नको होती. साध्या पायरियात डेंटिस्ट सहसा जंतूंची टेस्ट करतच नाहीत. ते जे "टोचतात" ते सुई नाही, तो प्रोब आहे, टोक बोथट आणि त्यावर मिलिमीटरच्या खुणा. हिरडी आणि दात यांच्यामधली फट निरोगी माणसात 1 ते 3 मिलिमीटर असते, त्याच्यापुढे गेली आणि रक्त येत असेल तर आत हाड झिजतंय का ते एक्स-रेवर बघतात. प्रोब हलक्या हाताने सरकवतात, त्याने दात सैल होत नाही. दात सैल होतो आतलं हाड गेल्यामुळे, आणि प्रोब फक्त ते मोजतो. रक्त येतं ते पण प्रोबने जखम केली म्हणून नाही, सुजलेली हिरडी हात लावला तरी रक्त सोडते, निरोगी हिरडी सोडत नाही, हीच तर त्या तपासणीतली महत्त्वाची खूण. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवा, तंबाखूच्या धुराने हिरडीचं रक्त कमी येतं, बाहेरून बरं दिसतं आणि आत खड्डा वाढत राहतो, तिथे मोजल्याशिवाय कळतच नाही. आणि आपल्याकडे ज्या बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, आत्यासुद्धा लावते, त्यांना वाटतं की हिरड्या घट्ट होतात. होत नाहीत. मिश्री तंबाखूच आहे.

डायबेटिसचं तर वेगळं सांगायला नको. 1993 साली हॅराल्ड लो ह्या दंततज्ज्ञांनी हिरड्यांच्या ह्या आजाराला डायबेटिसची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं, डोळे, किडनी, नसा यांच्या रांगेत. साखर वाढलेली असली की हिरडी लवकर बिघडते आणि हिरडीतली सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. आत्याची साखर गेले दोन महिने का खाली येत नाही म्हणून फॅमिली डॉक्टर गोळ्या वाढवत होते, आणि तोंडातलं कोणी विचारलं नव्हतं.

आता त्या गोळ्यांचं. मला ह्या मेसेजमध्ये सगळ्यात जास्त राग ह्याचा आला. माझ्या चुलत भावाची थुंकी बुडाली. त्याने चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल आणली आणि सुरू केली, तिसऱ्या दिवशी त्याला मळमळ आणि तोंडात लोखंडाची चव, तर तो म्हणतो की जंतू मरायलेत म्हणून तशी चव येतेय. ती त्या औषधाचीच चव असते, औषधासोबतच्या माहितीच्या कागदावर लिहिलेला साईड इफेक्ट आहे. त्याच्या तोंडात पायरिया आहे की नाही हे कोणी बघितलेलंच नाही! आणि असता तरी नुसत्या गोळीने गेला नसता, कारण थर करून चिकटलेले जिवाणू औषधाला मोकळ्या जिवाणूंपेक्षा कितीतरी कमी दाद देतात, आधी तो थर आणि ते किटण खरवडून काढावं लागतं, गोळी लागलीच तर त्याच्या जोडीला आणि डॉक्टरने ठरवून. ज्यांना रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू आहे त्यांच्यात मेट्रोनिडाझोलने रक्तस्त्राव वाढू शकतो. ज्यांनी दारू घेतली त्यांना वेगळा त्रास होऊ शकतो. आणि उगाच घेतलेल्या प्रत्येक कोर्समागे जे जिवाणू वाचतात ते पुढच्या वेळी त्या औषधाला जुमानत नाहीत, हे मी माझ्या टेबलावर दर महिन्याला ताटलीत बघते, औषध भरलेली कागदाची चकती म्हणजे डिस्क ठेवलेली असते आणि तिच्या काठापर्यंत जिवाणूंची वाढ झालेली असते. ग्रुपवर 140 माणसं आहेत. किती जणांनी ग्लासात बघून गोळ्या घेतल्या असतील?

मेसेज पहिल्यांदा टाकणाऱ्या काकांना मी फोन केला होता. ते म्हणाले चांगल्या मनाने टाकला, फुकटात काही कळत असेल तर वाईट काय. त्यांच्या मनाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण फुकट नव्हतं ते.

सोमवारी मी सुट्टी टाकून आत्याला घेऊन गेले. हलणाऱ्या दाढेपाशी 8 मिलिमीटर, शेजारच्या दोन दाढांना 5 आणि 6. एक्स-रेमध्ये त्या दाढेचं हाड निम्म्याच्या वर गेलेलं. डॉक्टर म्हणाले ही दाढ राहील असं वाटत नाही, शेजारच्या दोन वाचवता येतील, आधी साखर खाली आणू आणि चार बैठकांमध्ये आतून साफ करू. आत्या एक्स-रेकडे बराच वेळ बघत होती. मग मला म्हणाली, "मार्चमधे आले असते तर राह्यली असती का गं ही?" डॉक्टरांनी "सांगता येत नाही" म्हटलं आणि मी काहीच बोलले नाही.

पहिली बैठक मंगळवारी सकाळी साडेदहाला आहे, खालची डावी बाजू. मिश्रीची डबी तिने माझ्याकडे दिलीय. चुलत भावालाही त्याच दिवशी पावणेबाराची वेळ घेऊन दिलीय.